सराव बघायला येणाऱ्या पेठकऱ्यांना खुलं पत्र: गोल मोजू नका, माना मोजा

कोल्हापुरातल्या सगळ्या फुटबॉल समर्थकांना, मग तुम्ही पाटाकडीलचे असा, दिलबहारचे असा, शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस नाहीतर फुलेवाडीचे,

सप्रेम नमस्कार.

पाऊस उघडला की आपल्या गावात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. मैदानात सराव आणि मैदानाच्या कडेला निकाल. शाहू स्टेडियमवर लीगची पहिली शिट्टी वाजायला अजून कितीतरी दिवस असतात. केएसएकडची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडची) खेळाडू नोंदणी, कोण कुठून फुटला, कोण कुठं गेला, यातच सगळे गुंतलेले असतात. तेवढ्यात कट्ट्यावर ठरूनही जातं, की नवा फॉरवर्ड म्हणजे लाकूड आहे, जुन्या सेंटर हाफचा (मध्यफळीतल्या गड्याचा) दम संपला आणि बाहेरून आणलेल्या गड्यावर घातलेले पैसे पाण्यात गेले. चार सकाळी बघून. कधी कधी एकाच सकाळी, तेही चहाचा कप हातात धरून.

तुम्ही सराव बघायला येऊ नये म्हणून हे पत्र नाही. साखरझोप मोडून नुसता सराव बघायला मैदानाच्या कडेला उभी राहणारी माणसं आपल्याकडं आहेत, ही या गावची श्रीमंतीच म्हणायची. फक्त बघता एवढं, तर नीट बघा.

आमचं म्हणणं एकच आहे. आज मैदानात जे चाललंय ते कशासाठी चाललंय, हे आधी ओळखा आणि मग खेळाडूकडं नजर वळवा. सरावाचा हेतू न कळता दिलेला शेरा म्हणजे तालमीत जोर काढणाऱ्या पैलवानाला 'कुस्ती कुठं मारली याने' असं विचारण्यासारखं आहे.

सुरुवात एका साध्या हिशोबापासून करू. नव्वद मिनिटांच्या सामन्यात बॉल प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ५५ ते ६० मिनिटं. त्यातही एका खेळाडूच्या पायात तो एकूण दीड-दोन मिनिटंच असतो. व्यावसायिक पातळीवरचा मध्यफळीतला खेळाडू सामन्यात १० ते १२ किलोमीटर पळतो आणि त्यातलं बॉल घेऊन पळणं दोन-अडीचशे मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे नजर बॉलवर ठेवून बघणाऱ्याला कुठल्याही एका खेळाडूचा खेळ दोन मिनिटंच दिसतो. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी मिनिटांत तो कुठं उभा होता, कधी निघाला, कुणाला धरून राहिला, हे बघायचं तर बॉल सोडून माणूस धरावा लागतो. सामन्यात ते जमत नाही, कारण तिथं ईर्षा असते आणि सगळ्यांचा जीव बॉलमागं पळत असतो. सरावात जमतं. सराव बघण्याचा खरा फायदा तोच.

आता हेतूबद्दल. पूर्वतयारी धड झाली तर चार ते सहा आठवड्यांची असते. पहिल्या दोन आठवड्यांत पाय मुद्दाम जड केले जातात. तीन-चार आठवडे खेळ बंद राहिला की दम उतरतो, मांडीची ताकद कमी होते. ते परत भरायला धावणं, बैठका, उड्या, चढण यांचा मारा असतो. अशा कामानंतर अंग दुखायला लागतं ते त्याच दिवशी नाही. २४ ते ७२ तासांच्या मधे दुखणं शिगेला पोचतं. म्हणजे मंगळवारी पायांचं जोरदार काम झालं असेल, तर गुरुवारी तुम्ही बघता तो खेळाडू अर्धाच असतो. त्याचा बॉल पायातून निसटतो, धाव पाच पावलांत मरते, किक कमरेतून न येता गुडघ्यातून येते. 'वजन वाढलंय, सुस्त झालाय' हा शेरा नेमका याच दिवशी पडतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छोटे खेळ आणि रचना येते. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव सामने होतात, मेहनत कमी करतात आणि पाय मोकळे होऊ देतात. खेळाडूचा खरा वेग, खरी किक तेव्हा दिसते. त्यात आपल्याकडचे बरेच जण नोकरी-धंदा सांभाळून येतात. कुणी पहिल्या दिवसापासून आलाय, कुणी तिसऱ्या आठवड्यात उगवलाय. या दोघांना एकाच सकाळी शेजारी उभं करून तोलणं चूक आहे. उशिरा आलेल्याला तेवढे दिवस उधार द्या आणि मग तोला. आणि हो, उशीर का केला हा वेगळा प्रश्न आहे. तो ज्या तालमीचा संघ आहे तिनं विचारावा.

मैदानाच्या मापाकडंही कुणी बघत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचं धरलं तर बावीस जणांत माणशी सुमारे ३२५ चौरस मीटर जागा येते. चार विरुद्ध चारचा खेळ ३० बाय २० मीटरच्या चौकटीत लावला तर माणशी ७५. म्हणजे चौथा हिस्साही नाही. जागा आटली की खेळाडूंची किंमत बदलते. अरुंद जागेत कट मारणारा, पायात बॉल चिकटवून फिरणारा राजा दिसतो. ज्याचं सगळं भांडवल चाळीस मीटरच्या धावेत आहे तो विंगर तिथं बिचारा वाटतो, कारण धाव सुरू व्हायच्या आतच रेषा येते. पाच विरुद्ध दोनच्या रिंगणात, दहा बाय दहा मीटरमध्ये, पहिला टच आणि निर्णयाची घाई दिसते. मागं धावत येणं, क्रॉस, हेडर, बॅकच्या पाठीमागची जागा, यातलं काहीही दिसत नाही. म्हणून हद्दीच्या खुणेचे कोन (शंकू) कुठं ठेवलेत ते आधी पावलांनी मोजा. खेळाडूचं नंतर.

शूटिंगच्या सरावावर तर शेराच देऊ नका. तिथं बॉल सपाट येतो, अंगावर बॅक नसतो आणि पुढच्या किकची वाट बघत रांग उभी असते. गोलकिपरला बारा-पंधरा मीटरवरून मोकळ्या किका बसत असतात. त्यानं वीसपैकी बारा खाल्ल्या तरी त्यात लाज काही नाही. आणखी एक, सरावात बहुतेक वेळा लाइनमन नसतो. ज्या गोलवर तुम्ही टाळ्या पिटल्या तो स्टेडियमवर ऑफसाइड असू शकतो.

दम मोजणाऱ्या योयो चाचणीचे आकडे अलीकडं फार फिरतात. क्रिकेटमुळं हा शब्द घराघरांत गेला, पण चाचणी जन्माला आली ती फुटबॉलसाठी, डेन्मार्कच्या येन्स बँग्सबो यांनी. २० मीटर जायचं, २० मीटर यायचं, मग १० सेकंद पाच मीटरच्या पट्ट्यात सावकाश चालायचं. बीपबरोबर वेग वाढत जातो आणि वेळेत दोनदा पोचला नाही की खेळाडू बाद. सुरुवातीचा वेग ताशी १० किलोमीटर. आता गफलत कुठं होते बघा. टेपनं न मोजता पावलांनी अंतर टाकलं आणि २० चे १९ मीटर भरले, तर प्रत्येक फेरीत दोन मीटर वाचतात. चाळीस फेऱ्यांना ऐंशी मीटर. चिखल असेल तर वळताना पाय घसरतो आणि तोच खेळाडू दोन टप्पे आधी गळतो. त्यामुळं एका तालमीचा आकडा दुसऱ्या तालमीच्या आकड्याशी लावू नका. त्याच माणसाचा, त्याच मैदानावरचा, मागच्या महिन्यातला आकडा हाताशी असेल तरच त्याला अर्थ आहे. आणि भरपूर पळणारा चांगला खेळतोच, असंही नाही. हे कोल्हापूरला सांगायची गरज नसावी.

मग बघायचं कसं? एक वही, एक पेन, एक खेळाडू, पंधरा मिनिटं. दोन खेळाडू एकदम धरायला जाऊ नका, डोळा लगेच बॉलकडं पळतो. वहीत पाच रकाने पाडा. त्याच्याकडं बॉल किती वेळा आला. बॉल यायच्या आधी त्यानं मान वळवून मागं-बाजूला बघितलं का. बॉल पुढं गेला, आडवा गेला की मागं गेला. किती वेळा आणि मैदानाच्या कुठल्या तिसऱ्या हिश्शात गमावला. गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत त्यानं काय केलं.

यातला दुसरा रकाना सगळ्यांत मोलाचा. नॉर्वेचे अभ्यासक गेइर योर्डेट यांनी खेळाडूंच्या मानेच्या हालचाली चित्रफितींवर मोजल्या. बॉल येण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघून घेतात, त्यांचे पुढचे पास जास्त जमतात, असा त्यांच्या अभ्यासाचा कल आहे. हे कडेला उभं राहून तुम्हालाही दिसेल. सेंटर हाफ घ्या. बॅकच्या पायात बॉल आहे, हाफ गोलाकडं पाठ करून मधोमध उभा आहे. बॉल बॅकच्या पायातून सुटला. आता बॉलकडं बघू नका, हाफच्या हनुवटीकडं बघा. बॉल वाटेत असताना ती एकदा खांद्यावर टेकली, परत बॉलवर आली. मागून माणूस येत नाही हे त्याला कळलं. तो अंग अर्धं उघडून उभा राहतो, बॉल लांबच्या पायावर घेतो आणि पहिल्या टचलाच त्याचं तोंड समोरच्या गोलाकडं होतं. हनुवटी हलली नाही, तर तोच बॉल जवळच्या पायावर थांबतो, पाठ तशीच राहते आणि बॉल आला तसा बॅककडं परत जातो. दोन्ही वेळा पास 'बरोबर' गेला. कट्ट्यावर दोघांना सारखेच गुण मिळतात. खेळात मात्र पहिल्यानं विरुद्ध संघाचे दोन-तीन जण मागं टाकले आणि दुसऱ्यानं कुणालाच नाही.

वहीतल्या नोंदी कशा दिसतात ते दाखवतो. समजा, एका हाफची पंधरा मिनिटं अशी आहेत: बॉल आला १४ वेळा, मान वळली ५, पुढं ३, आडवा ६, मागं ४, गेला १. दुसऱ्याची अशी: आला ११, मान वळली ९, पुढं ६, आडवा २, मागं एकही नाही, गेला ३. कडेवरचा आवाज पहिल्याच्या बाजूचा असणार. 'चुकत नाही गडी.' दुसऱ्याचे तीन गेलेले बॉल सगळ्यांच्या लक्षात राहणार. पण ते गेले कुठं? दोन समोरच्या डीजवळ (पेनल्टी क्षेत्राजवळ), बॅकच्या मधून खोलवर पास सोडताना, आणि एक मध्यावर. समोरच्या डीजवळ गेलेला बॉल ही किंमत आहे, ती मोजावीच लागते. हेच तीन बॉल आपल्या डीसमोर गेले असते, तर मात्र त्याला तिथं खेळवायचाच नाही. म्हणून नुसता 'गेला' लिहू नका. कुठं गेला ते लिहा, सगळी मेख त्यात आहे.

एका सकाळच्या नोंदीवर काही ठरवू नका. त्याच खेळाडूच्या तीन वेगवेगळ्या दिवशीच्या, शक्यतो वेगवेगळ्या प्रकारच्या सरावातल्या नोंदी हव्यात. आणि कुठल्या भागात खेळत होता तेही टिपा. पाऊस सरल्यावर आपल्या मैदानांवर गोलपोस्टसमोरचा पट्टा उखडलेला असतो, एखाद्या कोपऱ्यात पाणी मुरलेलं असतं. गांधी मैदानाचं पावसातलं रूप तर सगळ्यांना माहीत आहे. अशा जागी बॉल गुडघ्यापर्यंत उसळला तर तो टच खेळाडूच्या खात्यावर मांडू नका.

जागेनुसार बघायचं थोडं निराळं. बॅक सरावात टॅकल मारत नाही अशी ओरड असते. समोर आपलाच गडी आहे आणि लीग तोंडावर आहे. जोरात पाय घालणारा बॅक सरावात शहाणा नव्हे. त्याऐवजी त्याची उभं राहण्याची पद्धत बघा. अंग तिरकं आहे का, फॉरवर्डपासून हातभर अंतर राखून मागं सरकतोय का, की सरळ समोर छाती देऊन उभा राहतो आणि पहिल्या कटला झेपावतो. झेपावणारा बॅक सरावात चार बॉल काढतो, त्याच्या टाळ्याही घेतो, आणि स्टेडियमवर पाचव्या कटला आडवा पडलेला दिसतो.

विंगरचे क्रॉस मोजताना किती मारले ते नको, पहिल्या बॅकच्या डोक्यावरून किती गेले ते मोजा. संख्या एकदम खाली येईल, घाबरू नका.

गोलकिपरच्या बाबतीत मात्र आपल्याकडं फार अन्याय होतो, म्हणून सविस्तर. उडी सगळ्यांना दिसते. पण चांगल्या किपरला उडी कमी मारावी लागते, कारण तो आधीच नीट उभा असतो. बॉल समोरच्या अर्ध्यात असताना तो रेषेवर चिकटलाय की डीच्या वरच्या रेषेपर्यंत पुढं आलाय, ते बघा. मागं सोडलेला लांब बॉल तो पायानं काढणार आहे की बॅकला तोंड फिरवून पळायला लावणार आहे, हे तिथंच ठरतं. किक सुटते त्या क्षणी त्याचे दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले आहेत का? चालता चालता खाल्लेला गोल बघणाऱ्याला 'अवघड' वाटतो, पण तो अर्धा स्वतःच ओढवून घेतलेला असतो. तो ओरडतो का, आणि काय ओरडतो? 'सोड' आणि 'घे' हे दोन शब्द वेळेवर येणं म्हणजे एक जादा बॅक मिळणं. पायाचं कामही आता टाळता येत नाही. २०१९ पासून गोलकिकचा बॉल पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची वाट बघावी लागत नाही, बॅक आतच तो घेऊ शकतो. म्हणजे किपर आणि दोन बॅक यांच्यातला छोटा पास हा सरावाचाच विषय झाला. शिवाय २०२५ च्या बदललेल्या नियमात किपरनं बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. आघाडी घेतल्यावर बॉल कवटाळून बसायची सवय ज्या किपरला आहे, त्याची ती सवय सरावातच दिसते. मनात आठ मोजून बघा.

आणि फॉरवर्ड. इथं एक सांगायलाच हवं, कारण मोठ्या मोठ्या देशांतले समर्थकही याच खड्ड्यात पडलेत. जून २०२२ मध्ये लिव्हरपूलनं बेनफिकाकडून डार्विन नुन्येसला आणलं. बँकॉकमध्ये १२ जुलैला मँचेस्टर युनायटेडकडून ०-४ अशी हार झाली, त्यात त्यानं संधी दवडली. त्याच्या चुकलेल्या टचच्या चित्रफिती जगभर फिरल्या आणि शेरा पडला: फसला सौदा. २१ जुलैला लाइपझिगविरुद्ध तो उत्तरार्धात मैदानात उतरला आणि एकट्यानं चार गोल केले. लगेच शेरा उलटला. ३० जुलैला लेस्टरच्या मैदानावर कम्युनिटी शील्डमध्ये लिव्हरपूलनं मँचेस्टर सिटीला ३-१ असं हरवलं. नुन्येसनं गोल केला आणि सिटीच्या नव्या अर्लिंग हालँडनं अगदी शेवटी, समोर रिकामा गोल असताना बॉल क्रॉसबारवर मारला. त्या रात्री हालँडची काय खिल्ली उडाली! आठवड्यानं, ७ ऑगस्टला, वेस्ट हॅमविरुद्ध त्याचे दोन गोल झाले. हंगाम संपला तेव्हा प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर ३६ गोल होते, एका हंगामातला विक्रम. नुन्येसच्या नावावर ९.

यातली खरी गंमत अशी, की नुन्येसबद्दलचा पहिला शेरा अगदीच खोटा नव्हता. संधी दवडण्याची त्याची खोड पुढंही चर्चेत राहिली. चुकीचं होतं ते चार गोल बघून ती खोड विसरणं. आणि हालँडचा क्रॉसबार बघताना, तो त्या जागी आणखी एकदा कसा पोचला हे न बघणं. फॉरवर्डचं मोजायचं ते हेच: गोलसमोर पोचणं. पास आला नाही तरी त्यानं केलेली धाव मोजा. बॅकच्या पाठीमागून निघाला, वेळेवर निघाला, हाफनं बॉल सोडलाच नाही, तरी एक रेघ ओढा. पंधरा मिनिटांत अशा सहा रेघा असतील आणि गोल शून्य असतील, तर हातचा फॉरवर्ड सोडू नका. बॉल सोडणारा हाफ शोधा.

सराव सामन्यांचे निकाल हा पुढचा सापळा. २०१४ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडनं नवे प्रशिक्षक व्हॅन गाल यांच्या हाताखाली अमेरिकेचा दौरा गाजवला, मायामीत लिव्हरपूलला ३-१ असं हरवून करंडक उचलला. लीगच्या पहिल्याच दिवशी घरच्या मैदानावर स्वान्सीकडून १-२ असे हरले आणि त्याच महिन्यात तिसऱ्या स्तरावरच्या एमके डॉन्सनं त्यांना ४-० असं धुतलं. मैत्रीच्या सामन्यात दोन्ही संघ ठरवतील तेवढे बदली खेळाडू चालतात. साठाव्या मिनिटाला समोर कॉलेजची पोरं उतरली असतील, तर त्यानंतरचे गोल वेगळ्या पानावर लिहा. आपल्याच संघातही बघा, कोण कुणाबरोबर खेळतोय. बिबचा, म्हणजे सरावात संघ ओळखायला घालतात त्या जाकिटाचा, रंग बोलतो. ज्या नव्या गड्याला प्रशिक्षक सारखे पक्क्या बॅकच्या शेजारी उभे करतात, त्याच्याबद्दल त्यांचं काहीतरी ठरत आलंय. आणि एखाद्या जुन्या हाफला बॅकवर टाकलंय म्हणजे तो पडला असं नव्हे, तो तिथं चालतो का हे बघणं चाललंय. त्या जागेवर त्याचे गुण कापू नका.

दुखापतीबद्दल थोडक्यात. स्नायूंच्या दुखापतींत मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत सगळ्यांत जास्त आढळते, बहुतेक वेळा पूर्ण वेगाच्या धावेत. खेळाडू मांडीला हात लावून थांबला तर 'नाटक' म्हणून ओरडू नका. तो थांबला म्हणून कदाचित दोन आठवड्यांवर भागेल. ओरडण्यापायी आणखी एक धाव मारली तर दोन महिने जातात. सुरुवातीच्या वॉर्मअपला 'डान्स क्लास' म्हणणाऱ्यांना माहीत असावं, की फिफाचा ११ प्लस हा कार्यक्रम तीन भागांचा, पंधरा व्यायामांचा आणि वीस मिनिटांचा आहे, आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती ठळकपणे कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलंय. ऑक्टोबरच्या उन्हात पाण्याचंही तसंच. घामानं शरीराचं दोन टक्के वजन उतरलं की खेळ घसरायला लागतो. सत्तर किलोच्या गड्याला ते म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम. 'सारखा पाणी पितोय' ही तक्रार होऊच शकत नाही.

आता मोबाइलबद्दल, आणि इथं आम्ही जरा कडक बोलणार. सरावातली सात सेकंदांची चित्रफीत, तिच्यावर हसण्याची चित्रं आणि शेजारच्या पेठेच्या ग्रुपवर ती पोचणं, हे सगळं तासाभरात उरकतं. त्यातला खेळाडू कधी कधी सोळा-सतरा वर्षांचा असतो. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. त्या वयाच्या पोराच्या सरावात किती चुका असतात हे कुठल्याही मैदानावर मोजून बघा. सराव चुका करण्यासाठीच असतो. नवी गोष्ट शिकणारा खेळाडू आठवडाभर आधीपेक्षा वाईट दिसतो. डावा पाय वापरायला लागलेला हाफ ज्या सकाळी सगळ्यांत बेंगरूळ दिसतो, त्या सकाळी कदाचित त्यानं सगळ्यांत जास्त काम केलेलं असतं. अशा पोराची चित्रफीत काढू नका. काढलीच तर त्याला स्वतःला दाखवा, ग्रुपवर नको. बाहेरून, अगदी आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंना रंगावरून हाका मारणं तर आजपासून बंद करा. त्याचं नाव विचारा, दोन अक्षरांचं असतं बहुतेक.

तालमींच्या पदाधिकाऱ्यांनाही जाता जाता एक विनंती. आज सराव कशाचा आहे, हे कडेला एका पाटीवर खडूनं लिहा: 'पायांचं काम', 'पाच विरुद्ध दोन', 'रचना', 'सामना, ३० मिनिटांचे तीन भाग'. दोन शब्द पुरे. निम्मे शेरे तिथंच गळून पडतील.

तुमच्या वहीतल्या नोंदी तिसऱ्या सराव सामन्यापर्यंत स्वतःजवळच ठेवा. मग दोघा-तिघांनी एकाच खेळाडूच्या नोंदी एकत्र मांडा. आकडे जिथं जुळत नाहीत, तिथं भांडा. ते भांडण ऐकण्यासारखं असेल.

आपलेच,
मैदानाच्या कडेला वही घेऊन बसणारे काही जण

ता. क. बॉल दाबून बघत चला. नियमानं हवेचा दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम लागतं. सरावाच्या जाळीत निम्मे बॉल मऊ पडलेले असतात आणि दोन-तीन दगडासारखे असतात. मऊ बॉल पायात छान बसतो, त्यावर सगळेच कसबी दिसतात. उन्हानं कडक झालेल्या मैदानावर तोच खेळाडू टणक बॉल घ्यायला गेला की बॉल नडगीवरून दोन हात पुढं उडतो. वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: बॉल मऊ, की टणक.